निखाऱ्यावरची अखंड कोंबडी



अन्न शिजविण्याच्या सर्व रीतींत निखाऱ्यावर भाजणें ही रीत फार जुनी आणि दिसावयास अगदीं सोपी. भांडें नको, फोडणी नको, पाणीही नको; खालीं विस्तव व वर मांस, एवढ्यावर काम भागतें, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु याच रीतीनें एखादी अखंड कोंबडी भाजून पाहावी, म्हणजे हा समज किती वरवरचा आहे हें ध्यानीं येतें. बाहेरून करपलेली, मांडीच्या सांध्याशीं तांबूस आणि छातीच्या ठिकाणीं कापसासारखी कोरडी अशी कोंबडी ज्याच्या हातीं कधींच आली नाहीं, असा हौशी यजमान विरळा.

या अपयशाच्या मुळाशीं अज्ञानापेक्षां भीति अधिक असते. आणि ती भीति निराधार आहे असें म्हणतां येत नाहीं. कच्च्या कोंबडीच्या मांसावर साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर या नांवांचे रोगजंतु असण्याचा संभव नेहमींच असतो. अर्धवट शिजलेलें मांस पोटांत गेल्यास ज्वर, अतिसार, वांत्या असा त्रास होतो. धडधाकट मनुष्य बहुधा आठवड्याभरांत सांवरतो. परंतु लहान मूल, वृद्ध माणूस किंवा गर्भवती स्त्री यांच्या बाबतींत हाच विकार जिवावर बेतूं शकतो. म्हणून पंगतीला बसणारांची जबाबदारी अंगावर असलेला यजमान, ‘असूं द्या आणखी अर्धा तास विस्तवावर,’ असें म्हणतो. त्या अर्ध्या तासांत जंतु मरतात असें त्याला वाटतें. पण बहुधा ते त्यापूर्वींच मेलेले असतात, आणि त्या अर्ध्या तासांत नाहींसा होतो तो मांसांतील रस. निर्धोकपणा आणि रसाळपणा एकमेकांचे वैरी नाहींत. दोन्ही एकाच कोंबडींत साधतां येतात, हेंच या भाषणाचें प्रतिपाद्य आहे.

प्रथम मांसाचा स्वभाव पाहावा. कच्च्या मांसांत वजनाच्या सुमारें तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतें, आणि तें सूक्ष्म तंतूंच्या जाळ्यांत अडकलेलें असतें. मांस तापूं लागलें कीं सुमारें ५० अंश सेंटिग्रेडपासून हे तंतु आकसूं लागतात, आणि ६५ अंशांच्या पुढें तर ओला पंचा पिळावा तसे पाणी बाहेर टाकूं लागतात. कोंबडी कोरडी होते ती वरून पाणी कमी पडल्यामुळें नव्हे, तर आंतलें पाणी पिळून निघाल्यामुळें.

दुसरी अडचण अशी कीं, अखंड कोंबडींत दोन भिन्न प्रकृतींचीं मांसें एकाच कातडींत बांधलेलीं असतात. कोंबडी उडते क्वचितच. म्हणून पंख हलविणारे छातीचे स्नायु पांढुरके, मऊ व लवकर शिजणारे असतात. उलट ती दिवसभर उभी राहते व चालते. म्हणून मांड्यांचे स्नायु काळसर असतात व त्यांत चिवट बंधनें पुष्कळ असतात. तीं बंधनें विरघळून मऊ होण्यास उष्णताही अधिक लागते आणि वेळही अधिक लागतो. छाती ७४ अंशांच्या पलीकडे गेली कीं तिची गोडी झपाट्यानें उतरते. मांडी मात्र ८० अंशांच्या घरांत पोंचल्यावरच खरी मृदु होते. एकाच तासाला, एकाच वर्गांत, दोन इयत्तांना शिकविण्यासारखें हें काम आहे.

आतां या दोहोंच्या मध्यें निर्धोकपणाची रेषा कोठें? अमेरिकेच्या कृषिखात्यानें २००६ सालीं कोंबडीच्या सर्व भागांसाठीं ७४ अंश सेंटिग्रेड, म्हणजे १६५ अंश फॅरनहीट, हें किमान तापमान ठरवून दिलें. मांसाच्या सर्वांत जाड भागाच्या मध्यावर हा आंकडा आला कीं या जंतूंची भीति बाळगण्याचें कारण उरत नाहीं. म्हणजे छातीची गोडी जेथें संपूं लागते, तेथेंच धोकाही संपलेला असतो. पाककर्त्याचें सारें कौशल्य एवढेंच कीं, छाती त्या रेषेवर येऊन थांबावी आणि तोंवर मांडी थोडी पुढें गेलेली असावी.

उघड्या शेगडीवर हें साधत नाहीं. ‘बार्बेक्यू’ हा शब्द वेस्ट इंडीज बेटांवरील टाइनो लोकांच्या भाषेंतून स्पॅनिशमार्गें इंग्रजींत आला. विस्तवावर उंच रचलेली काठ्यांची मांडणी असा त्याचा मूळचा अर्थ. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत घरामागील अंगणांत उघड्या शेगडीवर मांस भाजण्याची हौस पसरली. पातळ तुकडे त्यावर चांगले भाजत. पण अखंड कोंबडीला खालून भडका आणि वरून गार वारा, अशी दुहेरी वागणूक मिळे. शिकागो येथील वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यांत काम करणारे जॉर्ज स्टीफन यांना वारा, राख व भडका यांचा असाच जाच होई. त्या कारखान्यांत पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये तयार होत. १९५२ सालीं स्टीफन यांनीं अशा गोलाचा एक अर्धा भाग खालीं निखाऱ्यांसाठीं व दुसरा वर झांकणासाठीं घेऊन, पाय, मूठ व हवेचीं छिद्रें बसवून एक शेगडी बनविली. झांकण पडतांच शेगडीची भट्टी झाली. उष्णता केवळ खालून न येतां तापलेल्या हवेच्या रूपानें कोंबडीच्या सर्वांगाभोंवतीं फिरूं लागली.

त्याच सुमारास, १९५० सालीं, पेरू देशाची राजधानी लिमा हिच्याजवळ सांता क्लारा येथें रॉजर शूलर या स्विस गृहस्थांनीं हाच प्रश्न निराळ्या मार्गानें सोडविला. त्यांनीं विस्तव न फिरवितां कोंबडी फिरविली. फ्रान्झ उलरिच यांनीं रचलेल्या यंत्रावर अनेक कोंबड्या सळयांना टोंचून निखाऱ्यांसमोर संथपणें फिरत, त्यामुळें कोणतीही एक बाजू आंचेपुढें फार वेळ राहत नसे. पेरू सरकारनें २००४ सालीं या पदार्थाला राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

कोंडलेल्या उष्णतेचें तत्त्व महाराष्ट्रालाही अपरिचित नाहीं. रायगड जिल्ह्यांत हिंवाळ्यांत होणाऱ्या पोपटींत भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा व मसाला लावलेली कोंबडी मडक्यांत भरून तें मडकें उपडें घालतात आणि भोंवतीं जाळ करतात. पाण्याचा थेंबही न घालतां आंतील मांस ओलसर राहतें, कारण ज्वाला मांसाला शिवत नाहीं आणि वाफ बाहेर पडत नाहीं.

आतां झांकणाच्या शेगडीवरील प्रत्यक्ष कृति. सुमारें दीड किलो वजनाची कोंबडी या कामास उत्तम. मुंबई-पुण्याकडे कोंबडीवाले बहुधा कातडी सोलून देतात. येथें मात्र ‘कातडीसकट, अखंड’ असें आवर्जून सांगावें, कारण कातडी व तिच्याखालची चरबी हेंच छातीचें नैसर्गिक पांघरूण आहे. तशी न मिळाल्यास घट्ट दह्याचा जाड लेप कांहीं अंशीं तिचें काम करतो. कोंबडी नळाखालीं धुऊं नये. धुण्यानें जंतु मरत नाहींत. ते शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, भांड्यांवर आणि शेजारीं चिरून ठेवलेल्या कोशिंबिरीवर उडतात. ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीनें २०१४ सालीं ही संवय सोडण्याविषयीं लोकांना जाहीर आवाहन केलें होतें. कोंबडी कागदानें कोरडी टिपावी, आणि तिला लागलेले हात व सुरी साबणानें धुवावीं.

रस राखण्याचें पहिलें साधन म्हणजे मीठ. दर किलोस १० ग्रॅम, म्हणजे दीड किलोच्या कोंबडीस १५ ग्रॅम, चहाचे सपाट अडीच चमचे, एवढें मीठ बाहेरून व पोटाच्या पोकळींत चोळावें. आणि ती खोलगट ताटांत, न झांकतां, फ्रिजच्या सर्वांत खालच्या फळीवर रात्रभर ठेवावी. मीठ प्रथम मांसांतील पाणी बाहेर ओढतें, त्यांत स्वतः विरघळतें, आणि मग तें खारें पाणी हळूहळू मांसांत परत मुरतें. मिठामुळें तंतूंची घडण सैल होते, म्हणून तापल्यावर ते कमी पिळले जातात. इकडे कातडी वाळते व भाजल्यावर कुरकुरीत होते. आलें, लसूण, मिरें आवडीप्रमाणें लावावीं. परंतु गूळ किंवा साखर असलेला लेप शेवटच्या पंधरा मिनिटांतच लावावा, नाहीं तर तो करपतो.

लोणारी कोळसा पेटवितांना रॉकेल ओतूं नये. त्याचा वास मांसाला लागतो. कोळशांवर पांढरी राख चढली म्हणजे सर्व निखारे शेगडीच्या एका बाजूस लोटावे. दुसऱ्या बाजूस, जाळीखालीं, थोडें पाणी घातलेली पत्र्याची थाळी ठेवावी, म्हणजे गळणारी चरबी तिच्यांत पडेल व भडका उडणार नाहीं. कोंबडी त्या थाळीच्या वर, छाती आकाशाकडे व तंगड्या निखाऱ्यांकडे करून ठेवावी. ज्या मांसाला उष्णता अधिक हवी त्याला ती अशा मांडणीनें आपोआप अधिक मिळते. मग झांकण लावून, छिद्रें कमीअधिक उघडून आंतील हवा १८० ते २०० अंशांच्या दरम्यान राखावी. पाऊण तासानें निखारे मंदावल्यास दुसरीकडे पेटविलेले थोडे निखारे त्यांत घालावे. याखेरीज झांकण उचलूं नये.

येथें एक धोक्याची सूचना देणें अगत्याचें आहे. जळत्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि कोंडलेल्या जागेंत तो नकळत प्राण घेतो. म्हणून ही शेगडी उघड्या गच्चीवर किंवा अंगणांतच पेटवावी. खोलींत किंवा कांचा लावून बंद केलेल्या गॅलरींत कदापि नव्हे. विझत आलेले निखारेही ऊब म्हणून घरांत आणूं नयेत.

दीड किलोच्या कोंबडीस सवा ते दीड तास लागतो. पाठीचा कणा कात्रीनें कापून काढून कोंबडी पुस्तकासारखी उघडून सपाट केली, तर काम पाऊण तासाच्या सुमारास होतें. परंतु घड्याळ हा येथें भरंवशाचा साक्षीदार नव्हे. आणि रंगही नव्हे. हल्लीं बाजारांत येणाऱ्या कोंबड्या कोंवळ्या वयाच्या असतात. त्यांच्या हाडांतील मगजाचा रंग बाहेर झिरपून पूर्ण शिजलेलें मांसही सांध्याशीं तांबूस दिसतें. उलट पांढरें दिसणारें मांस पुरेसें तापलेलें असेलच असें नाहीं. खरा साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे टोंचून पाहावयाचा थर्मामीटर. त्याचें टोंक हाडाला न लागूं देतां छातीच्या सर्वांत जाड भागांत व मांडीच्या आंतल्या बाजूस खुपसावें. छातींत ७४ व मांडींत ८० च्या जवळपास आंकडा दिसला कीं कोंबडी तत्काळ उतरवावी. मग दहा-पंधरा मिनिटें तिला स्वस्थ राहूं द्यावें. तेवढ्यांत रस किंचित् घट्ट होतो व कापतांना ताटांत वाहून जात नाहीं.

या विषयांत कांहीं भ्रम अजून टिकून आहेत. प्रखर आंचेवर मांस प्रथम चटकावलें म्हणजे त्याचीं तोंडें बंद होऊन रस आंत कोंडला जातो, ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनीं १८४७ सालीं मांडली. पुढील प्रयोगांनीं ती खोटी ठरली. चटकावल्यानें खमंगपणा येतो, रस राहत नाहीं. कोंबडीच्या पोटांत बिअरचा उघडा डबा ठेवून ती उभी भाजण्याची अमेरिकेंत मोठी हौस आहे. परंतु मांस ७५ अंशांवर तयार होतें, आणि पाणी १०० अंशांवर उकळतें. डब्यांतून फारशी वाफ येण्यापूर्वींच कोंबडी उतरवावी लागते. वरचेवर लोणी ओतण्याचीही तीच गत. लोणी आंत शिरत नाहीं, कातडी मात्र ओली राहते, आणि झांकण उघडल्यानें भट्टी थंड होते.

या सर्व भ्रमांत एकच चूक आहे: रस बाहेरून आणावयाचा आहे असें त्यांत गृहीत धरलेलें असतें. वस्तुतः रस निसर्गानें आंत भरून ठेवलेलाच असतो. तो दवडूं नये, एवढेंच पाककर्त्याचें काम. मीठ, झांकण, बाजूस सारलेले निखारे आणि तापमानाचा एक आंकडा, इतकीं साधनें त्यास पुरतात. तीं ज्याच्याजवळ आहेत त्या यजमानाला ‘आणखी अर्धा तास’ म्हणावें लागत नाहीं. घरांतल्या नातवंडाला आणि आजीला एकाच ताटांतला घांस तो निःशंकपणें वाढूं शकतो. आणि पान उठल्यावर उरलेलीं हाडें टाकून न देतां पाण्यांत मंद आंचेवर दोन तास उकळावीं. दुसऱ्या दिवशींच्या सुपाची तरतूद त्यांतच होते.