साध्या फोनवर इंटरनेट



मोबाइल हाती आहे, त्यावर बोलणे होते, निरोपही पोहोचतात. परंतु इंटरनेट काही चालत नाही, ही तक्रार आज पुष्कळ घरांतून ऐकू येते. बटणांचा साधा फोन वापरणारी मंडळी मग अशी समजूत करून घेतात की, ही विद्या आपल्यासाठी नव्हेच. मुलाचा निकाल पाहावयाचा झाला तरी दुसऱ्याच्या दाराशी जावे लागते. या परावलंबनाच्या मुळाशी पुष्कळदा फोनमध्ये न भरलेला एक लहानसा शब्द असतो. आज त्याचीच ओळख करून घेऊ.

भारतात 1995 साली मोबाइल सेवा सुरू झाली, ती बोलण्यासाठी. माहितीची बारीक पुडकी करून ती पाठविण्याची जीपीआरएस पद्धती मागाहून आली. कंपनीच्या जाळ्यातून इंटरनेटच्या विशाल जगात जाण्यासाठी जणू एक वेस असते. त्या वेशीचे नाव म्हणजेच 'ॲक्सेस पॉइंट नेम', अर्थात एपीएन. फोनने ते बरोबर सांगितले की जाळे त्यास एक तात्पुरता क्रमांक देते व वाट मोकळी होते. एक अक्षर चुकले तर वेस उघडत नाही.

आता कृती पाहू. प्रथम फोनच्या खोक्यावर इंटरनेटची सोय लिहिली आहे काय, ते वाचावे. जिओचे जाळे टूजीवर चालत नाही, म्हणून त्यासाठी फोरजीचाच फोन हवा. मग डेटाचा रिचार्ज करावा. त्यावाचून इंटरनेट लावल्यास शिल्लक रक्कम संपण्याचे भय असते. यानंतर सेटिंग्जमध्ये नेटवर्क वा कनेक्टिव्हिटी या सदरात डेटा अकाउंट शोधावे. तेथे रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता नाव भरावे: एअरटेलसाठी 'एअरटेलजीपीआरएस.कॉम', बीएसएनएलसाठी 'बीएसएनएलनेट', जिओसाठी 'जिओनेट'. वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड ही घरे सहसा रिकामीच ठेवावयाची असतात. हे खाते जतन करून निवडावे आणि फोन एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. टूजी फोनच्या माथ्यावर 'जी' किंवा 'ई' हे रोमन अक्षर उमटले, म्हणजे वाट सापडली. या वाटेची गती मंद असते. मोठी चित्रे उतरण्यास वेळ लागतो.

सीमाभागातील श्रोत्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बेळगावचे सिम कर्नाटक विभागाचे, तर गोवा व कोल्हापूर महाराष्ट्र विभागात मोडतात. तिकडे गेल्यावर इंटरनेट थांबले, तर डेटा रोमिंगची सोय सुरू आहे काय, ते पाहावे. परदेशी जाताना मात्र ती बंद ठेवणेच हिताचे; नाहीतर अवाच्या सवा आकार पडू शकतो.

अडचण आल्यास कंपनीच्या 198 या क्रमांकावर विचारावे. हे जोडून देण्यासाठी कोणासही ओटीपी अथवा बँकेचा गुप्त पिन लागत नाही. जो तो मागेल, त्याच्या हाती फोन देऊ नये.

घरातील मुलामुलींना एक विनंती. आजोबांच्या हातून फोन घेऊन काम परस्पर उरकू नका. त्यांच्याच बोटांनी ते करवून घ्या आणि एपीएन वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्यांना कोणाची वाट पाहावी लागणार नाही.