हिज की हर?

विट्यात मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. पाचवी-सहावीच्या वह्यांत एक चूक दरवर्षी हमखास सापडायची. 'रमेश आणि त्याची आई' याचं इंग्रजी मुलं लिहायची, 'रमेश अँड हर मदर'. मी 'हर'वर लाल रेघ मारून 'हिज' लिहायचो. एकदा एका मुलीनं विचारलं, "पण सर, आई बाई आहे ना?"

तिचं चुकलं कुठं, ते तिच्याच मराठीत सापडतं. 'त्याची' हा शब्द फोडून बघा. 'त्या' सांगतो मालक कोण, आणि 'ची' सांगते वस्तूचं लिंग कोणतं. म्हणून माझा बैल, माझी म्हैस, माझं रेडकू. इंग्रजी फक्त मालकाकडे बघतं, वस्तूचं लिंग विचारतच नाही. आमच्या मुलांचा कान 'ची'वर बसलेला, म्हणून हात 'हर'कडे जातो. हे कळल्यावर मी त्या चुकीला निष्काळजीपणा म्हणणं सोडलं.

हा 'माझा' आला कुठून? प्राकृतातल्या 'मज्झ'मधून, आणि तो संस्कृत 'मह्यम्'मधून. मह्यम् म्हणजे 'मला'. 'मला दोन भाऊ आहेत' असं आपण आजही म्हणतो, तिथं 'मला'नं मालकी सांगायची तीच जुनी वाट दिसते. इंग्रजीतला 'इट्स' मात्र अलीकडचा. छापील पुस्तकात तो १५९८ मध्ये दिसतो. त्याआधी निर्जीव वस्तूलाही बहुधा 'हिज'च लावत. १६११ च्या इंग्रजी बायबलात तर 'इट्स' नव्हताच.

आता 'आपला' घ्या. इंग्रजीत 'रमेश टुक हिज सायकल' म्हटलं की सायकल रमेशची की सुरेशची, शंका उरते. मराठीत 'रमेशनं आपली सायकल नेली' म्हटलं की शंका मिटली.

याच शब्दाचा दुसरा उपयोग मला फार जवळचा. आमच्या भागातले गलाईवाले सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरलेत. गावच्या जत्रेला आले की कुणी म्हणतो, "आमचं दुकान तिकडं आहे." त्यात ऐकणारा नाही. आणि निघताना तोच म्हणतो, "तिकडं आलात तर लॉजवर उतरू नका, आपलं घर आहे." त्या 'आपलं'मध्ये ऐकणाराही घरात आला. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'अवर'च येतो.