ख्रिस्ताचा कळवळा

(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं आपण पवित्र शास्त्रांतील एकाच शब्दाचें मनन करूं. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेंत ‘स्प्लांख्ना’ असा एक शब्द आहे. त्याचा उघड अर्थ आंतडीं, पोटांतील अवयव. प्राचीन ग्रीक लोक यज्ञपशूच्या हृदय, यकृत इत्यादि अवयवांस हेंच नांव देत. प्रेषितांच्या कृत्यांत यहूदाच्या मृत्यूचें वर्णन करितांना हा शब्द त्याच शारीरिक अर्थानें आला आहे. नव्या करारांत इतरत्र मात्र तो दयेचा व ममतेचा वाचक आहे. आपणां मराठी बोलणारांस याचें नवल वाटूं नये. लेंकराचें दुःख पाहून आईचें आंतडें तुटतें, असें आपणही म्हणतों. इब्री भाषेंतील ‘रहमीम’, म्हणजे दया, हा शब्दही गर्भाशयवाचक शब्दाशीं निगडित आहे. जखऱ्याच्या स्तोत्रांत देवाच्या दयेसाठीं हाच ग्रीक शब्द आहे. आणि लॅटिन व्हल्गातानेंही तेथें ‘व्हिसेरा’ हा आंतड्यांचाच शब्द राखिला.

या शब्दापासून झालेलें क्रियापद शुभवर्तमानांत १२ वेळां येतें, आणि तें केवळ मत्तय, मार्क व लूक यांत. तेथें कळवळा येतो तो स्वतः प्रभू येशूला, किंवा त्याच्या दाखल्यांतील तिघांना: ऋण सोडणारा राजा, चांगला शोमरोनी आणि उधळ्या पुत्राचा पिता. नाईन गांवच्या विधवेला पाहून प्रभूला कळवळा आला, आणि लागलीच त्याचा हात तिरडीला लागला. जखमी वाटसरूला याजकानें पाहिलें, लेव्यानें पाहिलें, शोमरोन्यानेंही पाहिलें. डोळे तिघांचे उघडे होते. आंतडें एकाचेंच हाललें. मग तेल, द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःचें जनावर व पदरचे दोन दिनार, सारें पाठोपाठ आलें.

संत पौलानें तर बंदिवासांतून फिलेमोनास लिहितांना अनेसिम नामक गुलामाला स्वतःचें ‘स्प्लांख्ना’ म्हटलें. धनी ज्याला आपली मालमत्ता समजे, तो प्रेषिताच्या लेखीं पोटचा गोळा ठरला! त्याला गुलाम न मानतां प्रिय बंधु म्हणून घरांत घ्यावें, अशी त्याची विनंति होती.

बंधुभगिनींनो, येथेंच आपली परीक्षा आहे. आपण वेदी फुलांनीं सजविली, घंटा वाजविल्या, हें योग्यच केलें. परंतु संत योहान आपल्या पहिल्या पत्रांत विचारतो, कीं जवळ संपत्ति असून गरजवंत बंधूपुढें जो आपलीं आंतडीं बंद करितो, त्याच्या ठायीं देवाची प्रीति कशी राहील? आपल्या शेतावर राबणारा मजूर, घरांत भांडीं घासणारी बाई, कर्जानें वांकलेला शेजारी, यांना पाहून आपल्या पोटांत कालवतें काय? आणि कालवलें, तर हात पुढें होतो काय? याचें उत्तर प्रत्येकानें घरीं जाऊन, देवासमोर एकांतीं द्यावें. ज्या दयाळू पित्यानें दुरूनच पुत्राला ओळखिलें व धांवत जाऊन कवटाळिलें, तो आपणां सर्वांस आपल्या पुत्राचा कळवळा देवो. आमेन.