दहा हजार ओळींतली एक ओळ



समजा, शिष्यवृत्तीची यादी शाळेत आली आहे. साध्या मजकुराची फाइल, ओळी दहा हजार. प्रत्येक ओळीत आधी बैठक क्रमांक, मग स्वल्पविराम, मग विद्यार्थ्याचे नाव, गाव, बँकेतील खाते. आपणांस हवी आहे एकच ओळ. डोळ्यांनी शोधू म्हटले तर दुपार जाते, आणि थकलेला डोळा एका ओळीवरून दुसरीवर कधी घसरतो तेही कळत नाही. मग एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात! हे काम संगणकाकडून बिनचूक कसे करून घ्यावे, ते पाहू.

लिनक्सच्या संगणकात शेल असते. शेल म्हणजे आपला हुकूम घेऊन गड्यांना कामाला लावणारा मुकादम म्हणा ना! त्याच्या हाताखालचे दोन गडी आज आपल्या कामाचे, सेड आणि ग्रेप. सेडला ओळ कितवी ते सांगायचे, ग्रेपला ओळीतली खूण सांगायची.

सत्तेचाळिसावी ओळ हवी असेल तर असे टंकावे : प्रथम सेड, जागा सोडून आडवी रेघ व तिला चिकटून एन, पुन्हा जागा सोडून एकेरी अवतरणचिन्हांत ४७ व त्याला लागून पी, शेवटी फाइलचे नाव. आकडे आणि अक्षरे इंग्रजी, अक्षरे लहान लिपीतली. एन म्हणजे ‘आपण होऊन काही छापू नकोस’, पी म्हणजे ‘एवढी ओळ छाप’. एन विसरलात तर सगळी यादी पडद्यावरून धावते आणि सत्तेचाळिसावी ओळ दोनदा येते!

पण यादीत वर कोणी एक नाव घातले की सत्तेचाळिसावी ओळ अठ्ठेचाळिसावी होते. सेडला त्याचे काय? तो निमूटपणे दुसऱ्याच मुलाची ओळ हाती देतो. म्हणून माणसांच्या याद्यांत मला ग्रेप अधिक भरवशाचा वाटतो.

या ग्रेपची जन्मकथा ब्रायन कर्निघन यांनी सांगितली आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ली मॅकमहन यांना फेडरलिस्ट निबंध तपासायचे होते. १७८७-८८ सालचे हे ८५ निबंध पब्लियस या टोपणनावाने निघाले. लिहिणारे तिघे, आणि काही निबंध नक्की कोणाचे याचा वाद. शब्दांवरून लेखक ओळखावा, हा मॅकमहन यांचा विचार. पण संगणकाची स्मृती तेव्हा इतकी तोकडी, की सारा मजकूर ‘एड’ या संपादकात मावेना. केन टॉम्प्सन यांनी त्याच संपादकातला शोधण्याचा हुकूम सुटा करून दुसऱ्या दिवशी आणून दिला. तोच ग्रेप. सेड पुढे मॅकमहन यांनीच रचला.

आता आपल्या यादीकडे या. ग्रेपला नुसते ४१२ सांगितले तर १४१२ येईल, ४१२० येईल, खाते क्रमांकात कुठे ४१२ असेल तर तेही येईल. म्हणून आकड्याआधी टोपीसारखे चिन्ह द्यावे, त्याचा अर्थ ‘ओळीच्या आरंभी’. आणि आकड्यानंतर स्वल्पविराम. हे सारे एकेरी अवतरणचिन्हांत. आडवी रेघ व सी जोडल्यास ग्रेप ओळी न दाखवता किती सापडल्या ते सांगतो. आधी मोजावे, उत्तर एक आले तरच ओळ घ्यावी.

हे दोन्ही हुकूम एका फाइलीत लिहून ठेवले की झाली शेल स्क्रिप्ट. आकड्याच्या जागी डॉलरचे चिन्ह व १ लिहावे. मग स्क्रिप्टच्या नावापुढे आपण टंकाल तो क्रमांक तेथे बसतो. मात्र तेव्हा अवतरणचिन्हे दुहेरी हवीत. एकेरीत शेल डॉलरला हात लावत नाही.

आणि मोजणी शून्य आली तर? नाव यादीत नाहीच, असे पालकांना लगेच सांगू नका. यादीत आकडे देवनागरी असतील आणि आपण इंग्रजी टंकले असतील. संगणकाच्या लेखी ते वेगळे. नावाने शोधत असाल तर ‘गोऱ्हे’ यातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टंकता येतो. दिसायला बहुधा एकच, आत संकेतांक निराळे. एका तऱ्हेने शोधले तर दुसरीने लिहिलेला गोऱ्हे सापडत नाही. अशा वेळी आडनाव सोडून द्यावे, मुलाच्या नावाने किंवा गावाच्या नावाने ओळी काढाव्यात आणि त्या चार-दोन ओळी मग खुशाल डोळ्यांनी वाचाव्यात.