रथावरचे विटांचे शिखर



भेटेल त्याला माउली म्हणायची पंढरीची रीत आहे. त्याच भावनेने मी स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे स्वागत करतो.

जुन्या मंदिरांच्या अवशेषांची सुरुवातीची छायाचित्रे हा आपला विषय. पंढरपूरकराचे मन अशा वेळी हंपीकडेच धाव घेणार. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने हंपीला नेलेला विठ्ठल संत भानुदासांनी परत आणला, ही कथा आम्ही कीर्तनात ऐकत वाढलो. इतिहासकार तिचा काय निवाडा करायचा तो करोत, तिथले विठ्ठल मंदिर आम्हाला कधी परके वाटले नाही.

मद्रास सैन्यातला अधिकारी अलेक्झांडर ग्रीनलॉ याने १८५६ मध्ये या मंदिराची छायाचित्रे घेतली, ती मेणवलेल्या कागदाच्या निगेटिव्हवर. हा कागद आधी तयार करून ठेवता येई, म्हणून प्रवासात सोयीचा. पण प्रकाश टिपायला त्याला मिनिटेच्या मिनिटे लागत. तेवढ्या वेळात जो हलला, तो उमटलाच नाही. दगड तेवढा उमटला. अशा निर्मनुष्य चित्रांतून मेलेल्या संस्कृतीची प्रतिमा घडली, असे मला वाटते. १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईनंतर विजयनगरची ही राजधानी हंपी उजाड झाली हे खरेच, पण तिथल्या विरूपाक्षाची पूजा थांबली नव्हती. तरी रॉबर्ट सुएलने १९०० साली विजयनगरच्या इतिहासाला नाव दिले ‘अ फरगॉटन एम्पायर’. विसरले होते कोण? विरूपाक्षाचे पुजारी नव्हेत, आणि आमचे कीर्तनकारही नव्हेत.

ग्रीनलॉचे ऋण मात्र मोठे आहे. विठ्ठल मंदिरातला, पन्नास रुपयांच्या नोटेवरचा दगडी रथ आपण रोज पाहतो. त्यावर एके काळी विटांचे शिखर होते. पुढे ते काढण्यात आले. ग्रीनलॉच्या चित्रात ते उभे आहे. म्हणजे ज्याला आपण मूळ अवशेष समजतो, तोही मधल्या काळात कुणीतरी घडवलेला असतो! १९८० च्या दशकात जॉन गॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराने ग्रीनलॉच्याच जागांवरून पुन्हा छायाचित्रे घेतली. ती शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

चित्रांतून गळालेल्या माणसांविषयी आपल्याकडून ऐकायला मी उत्सुक आहे. निवासात, भोजनात काही उणे वाटले तर कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. आता अध्यक्षमहाराजांनी सभेची सूत्रे स्वीकारावीत, ही नम्र विनंती.