अर्धशिशी : डोक्यातील वेदना आणि घरातील वातावरण



मी वैद्य नव्हे, कापडाचा व्यापारी. तथापि ऐन लग्नसराईत एखाद्या भगिनीने दिव्यांचा झगमगाट असह्य होऊन डोळ्यांवर पदर ओढावा आणि सोबतच्यांनी "हिचे नेमके आत्ताच कसे दुखते?" असे म्हणावे, हे मी दुकानात अनेकदा पाहिले आहे.

अर्धशिशी हा नवा विकार नव्हे. आयुर्वेदाच्या संहितांत तो 'अर्धावभेदक' या नावाने येतो. आधुनिक शास्त्र त्यास मज्जासंस्थेचा विकार मानते. त्याची प्रवृत्ती पुष्कळदा आनुवंशिक असते. शेजारच्या कर्नाटकातील, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे २५ टक्के प्रौढांना वर्षभरात हा त्रास झाल्याचे आढळले. स्त्रियांत प्रमाण अधिक होते.

दुखणे खरे, तर मनाचा संबंध कोठे? १९६५ मध्ये मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनी मांडले की, वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना वाटेतच कमी-अधिक होतो. भीती, चिंता, पूर्वीचा अनुभव यांचा त्यावर परिणाम होतो. पुढचा झटका केव्हा येईल, ही धास्तीच दुखणे वाढविते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली व्याख्या सुधारताना, वेदना सांगणाऱ्याच्या शब्दाचा आदर व्हावा, असे स्पष्ट नमूद केले.

आपल्या घरांत मात्र सुनेने सांगितले तर ते निमित्त ठरते, सासूने सांगितले तर वय! सर्वांच्या आधी उठणारी आणि सर्वांच्या मागून जेवणारी स्त्री अपुरी झोप व उपासमार ही दोन्ही कारणे रोज सोसते. तळेगावच्या कारखान्यांत पाळ्या बदलणाऱ्यांचीही झोप अशीच मोडते. ताण ओसरतानाही झटका येतो. शनिवार-रविवारची पर्यटकांची गर्दी पांगल्यावर सोमवारी डोके धरून बसणारे लोणावळ्यातील व्यापारी बंधू हे जाणतात.

पर्युषणातील उपवासाने ज्यांना त्रास होतो, त्यांनी वैद्यांशी व गुरुमहाराजांशी आधीच बोलावे. डोके दुखले म्हणून कोणाची श्रद्धा उणी ठरवू नये.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना करून योगाला प्रयोगशाळेत नेले. पुढे दिल्लीच्या 'एम्स'मध्ये ११४ रुग्णांनी पूर्ण केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ औषधापेक्षा औषधासोबत योग केल्याने झटके व गोळ्या दोन्ही अधिक कमी झाले. 'औषधासोबत' हा शब्द विसरू नये. साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यातून पंधरा वा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते. अकस्मात, पूर्वी कधी न झालेली तीव्र वेदना किंवा हातापायात कमजोरी आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

आपण व्यापारी रोजमेळ लिहितो. तसाच डोकेदुखीचाही लिहावा : तारीख, झोप, जेवणाची वेळ, गोळ्या, मासिक पाळी आणि त्या दिवशी घरात काय घडले तेही. हा शेवटचा रकाना बहुतेक जण कोरा ठेवतात. डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर न्यावी, आणि शक्य तर घरातील ज्येष्ठांपैकी एकाने सोबत जावे.