देणगी आणि देणाऱ्याचें नांव



आजच्या विषयाचा आरंभ एका कबुलीनें करतों. नागपुरांत सक्करदरा भागांतील एका लहानशा वाचनालयाला कांहीं वर्षांपूर्वीं मीं पुस्तकांच्या नोंदी ठेवणारें सॉफ्टवेअर बसवून दिलें. शीर्षभागीं वाचनालयाचें नांव घातलें, सूचना मराठींत केल्या. समारंभांत मला शाल-श्रीफळ मिळालें. वास्तविक तें सॉफ्टवेअर माझें नव्हतें. मूळ कर्त्यांचीं नांवें मींच काढून टाकलीं होतीं. पण त्या दिवशीं मीं चकार शब्द काढला नाहीं.

तें सॉफ्टवेअर म्हणजे 'कोहा'. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांसाठीं तें रचलें गेलें आणि 2000 सालापासून सर्वांस मोकळें झालें. 'कोहा' हा माओरी भाषेंतील शब्द, अर्थ देणगी. आपल्या आहेराप्रमाणेंच त्या देणगींतही परतफेडीचें भान अभिप्रेत असतें.

कोणी म्हणेल, 'ज्यानें सर्वस्व वाटून टाकलें, त्याला नांवाची हांव कशाला?' घोटाळा होतो तो येथेंच. कोहाचा जीपीएल परवाना आपणांस सॉफ्टवेअर वापरण्याची, बदलण्याची, विकण्याचीही मुभा देतो. मात्र कर्त्यांच्या हक्काच्या सूचना कायम ठेवाव्या आणि आपण केलेले फेरफार तारखेसह नोंदवावे, अशी त्याची अट आहे. ही अट म्हणजे नुसता शिष्टाचार नव्हे. खेळांतल्या आगगाड्यांच्या एका मुक्त सॉफ्टवेअरचे भाग, कर्त्यांचीं नांवें वगळून, दुसऱ्यानें वापरले. त्या 'जेकबसन विरुद्ध कॅट्झर' खटल्यांत अमेरिकेच्या अपील न्यायालयानें 2008 सालीं निर्णय दिला कीं, मुक्त परवान्याची अशी अट मोडणें हा स्वामित्वहक्काचाच भंग ठरूं शकतो.

आपल्या भाषेंत हा धडा फार पूर्वींच घालून दिलेला आहे. पाठभेदांनीं बिघडलेली ज्ञानेश्वरी एकनाथांनीं शके 1506 मध्यें शुद्ध केली. ग्रंथ ज्ञानेश्वरांचाच राहिला. अखेरीस शोधनाचें काम व त्याचा शक तेवढा नोंदला गेला. आजचा परवाना याहून अधिक काय मागतो?

माझी चूक मला कळली ती निराळ्याच प्रसंगानें. मी परगांवीं असतां त्या सॉफ्टवेअरमध्यें दोष उद्भवला. त्याची दुरुस्ती नव्या आवृत्तींत विनामूल्य उपलब्ध होती. परंतु मूळ नांवच ठाऊक नसल्यामुळें वाचनालयास ती शोधतां येईना. पुस्तकांची देवघेव आठवडाभर वहीवर चालली. नांव पुसून मीं कर्त्यांचा अपराध केला होताच, पण वाचकांचीही वाट बंद केली होती.

परत येतांच मीं मूळ नांवें जागच्या जागीं लिहिलीं, खालीं माझे फेरफार तारखांसह नोंदविले आणि चिटणिसांस खरी हकीकत सांगितली. ते रागावले नाहींत, एवढेंच म्हणाले, "हें त्याच दिवशीं सांगितलें असतें, तरी शाल दिलीच असती."